लाल फूल आणि पॉइंटांचा हिशोब: ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या ऑर्केस्ट्राचं प्रकरण

१९५० च्या दशकात आर्जेन्टिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सच्या एखाद्या क्लबात टँगो नाचायला गेलात तर कधीकधी असं दिसायचं की स्टेजवर बांदोनेऑनवाले रांगेत बसलेत, मागे व्हायोलिनवाले, कोपऱ्यात डबल बास, गायक तयार, आणि पियानोवर फक्त एक लाल कार्नेशनचं फूल. ज्याच्या नावावर लोक तिकीट काढून आलेत तो पियानिस्ट आणि बँडलीडर ओस्वाल्दो पुग्लिएसे त्या रात्री तुरुंगात. आणि तरी ऑर्केस्ट्रा वाजतोय, लोक नाचतायत.

टँगोवर कुणीही चार ओळी लिहिल्या की ही गोष्ट येतेच. फुलाचं सगळे सांगतात. पण बाकीचे बाराएक लोक घरी का बसले नाहीत, दुसरीकडे कामाला का गेले नाहीत, हे कुणी फारसं विचारत नाही, आणि मला तर तेच जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कारण बँडलीडर आत गेला की बँड संपतो हा साधा नियम आहे. इथे संपला नाही, आणि त्याचं कारण बरंचसं पैशाच्या वाटपात आहे असं माझं मत आहे. ते कसं, ते नीट बघू.

आधी माणूस. जन्म २ डिसेंबर १९०५, व्हिया क्रेस्पो नावाच्या ब्युनोस आयर्सच्या कामगार वस्तीत. वडील चपला-बुटांच्या धंद्यात कामगार आणि हौसेने बासरी वाजवणारे, भाऊ व्हायोलिन वाजवणारे. यालाही आधी व्हायोलिनच दिलं होतं, नंतर तो पियानोकडे वळला. पंधराएक वर्षांचा असताना एका बारमध्ये वाजवायला लागला, त्या बारला गिऱ्हाइकांनी डुकरिणीचा कॅफे असं नाव ठेवलेलं, मालकाच्या स्वच्छतेवरून, म्हणजे जागा काय दर्जाची असेल ते कळतंच. मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून पियानो वाजवणं हेही त्यानं केलं. पाकिता बेर्नार्दो ही बांदोनेऑन वाजवणारी पहिली व्यावसायिक बाई, तिच्या ग्रुपमध्येही तो पोरगेला वयात होता.

बांदोनेऑन म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो. आपल्या पेटीचा लांबचा भाऊ समजा, भाता आणि आतल्या धातूच्या पातळ पत्त्यांवरच (रीड) चालतो, फक्त दोन्ही हातांत धरून मांडीवर ताणायचा, पट्ट्यांऐवजी बटणं, तीही ७१, आणि भाता उघडताना एका बटणाचा सूर वेगळा, मिटताना बहुतेक वेळा वेगळाच. शिकायला महाभयंकर. टँगोच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात असे चार-पाच बांदोनेऑन, चार-पाच व्हायोलिन, पियानो, डबल बास. ढोल-ताशा-ड्रम काहीच नाही. ठेका सगळा याच वाद्यांतून काढायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विशी ओलांडायच्या आतच पुग्लिएसेनं ‘रेकुएर्दो’ हा टँगो लिहिला. पुग्लिएसे कायद्यानं सज्ञान नसल्यामुळे नोंद वडिलांच्या नावावर झाली, आणि १९२६ मध्ये हुलिओ दे कारोच्या सेक्सटेटनं, म्हणजे सहा वादकांच्या ग्रुपनं, तो रेकॉर्ड केला. दे कारो म्हणजे त्या काळातला सगळ्यात मॉडर्न माणूस, टँगोला नुसत्या नाचाच्या पलीकडे नेणारा. त्यानं विशीच्या आसपासच्या पोराची रचना उचलली यावरून काय ते ओळखा. आजही ‘रेकुएर्दो’ ऐकला तर जुना वाटत नाही. मग १९२९ मध्ये एल्विनो वार्दारो या व्हायोलिनवाल्याबरोबर त्यानं सेक्सटेट काढलं, संगीतातले लोक अजून त्याचं नाव काढतात, पण एकही रेकॉर्ड निघाली नाही आणि ते फार टिकलंही नाही. म्हणजे तिशीत येईपर्यंत साहेबांकडे नाव होतं, वाहवा होती, स्वतःचा म्हणावा असा बँड नव्हता.

आता ३० च्या दशकात काय झालं तर बोलपट आले आणि मूकपटांच्या थिएटरांत वाजवणारे शेकडो वादक एका झटक्यात रस्त्यावर आले. पुग्लिएसे या सगळ्यातून वादकांच्या युनियनच्या कामात पडला, संघटना उभी करणाऱ्यांत होता, आणि १९३६ मध्ये, स्पेनचं यादवी युद्ध पेटलं त्या वर्षी, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. शेवटपर्यंत राहिला. त्याच्या बाबतीत राजकारण आणि धंदा हे दोन वेगळे कप्पे नव्हतेच, ११ ऑगस्ट १९३९ ला कोरिएन्तेस रस्त्यावरच्या कॅफे नासिओनालमध्ये त्याचा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा वाजला तो सहकारी तत्त्वावरच.

सहकारी म्हणजे नेमकं काय वेगळं, हे कळायला बाकीचे काय करत होते ते बघायला पाहिजे. टँगोचा ऑर्केस्ट्रा साधारणपणे लीडरच्या मालकीचा. करार तो करणार, क्लब आणि रेडिओकडून पैसे तो घेणार, वादकांना ठरलेला पगार. फ्रान्सिस्को कानारो नावाचा लीडर यात एवढा गब्बर झाला की ब्युनोस आयर्समध्ये कुणी फार पैसेवाला असला तर ‘याच्याकडे कानारोपेक्षा जास्त पैसा आहे’ असं म्हणायची पद्धतच पडली. हुआन दारिएन्सो, ज्याला ठेक्याचा राजा म्हणायचे, त्याचं उदाहरण तर आपल्या प्रकरणाच्या बरोब्बर उलटं आहे. १९४० मध्ये त्याचा पियानिस्ट हुआन पोलितो निघाला आणि सगळे वादक त्याच्याबरोबर गेले. सगळेच्या सगळे. दारिएन्सोनं काय केलं? नवीन माणसं घेतली आणि पुढे चालू. लोकांना काही फरक पडला नाही कारण लोक दारिएन्सोला बघायला यायचे. माणसं गेली, नाव राहिलं.

पुग्लिएसेकडे वाटप पॉइंटवर होतं. प्रत्येकाचे पॉइंट त्याच्या कामाप्रमाणे ठरायचे, कोण किती जुना, कोण अरेंजमेंट लिहितो (म्हणजे रचनेत कोणत्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं ते), कोणाचा भार किती, असं. आलेल्या पैशातून खर्च वजा करायचा, उरलेल्याला एकूण पॉइंटांनी भागायचं, ज्याचे जेवढे पॉइंट तेवढा त्याचा वाटा. समजा रात्रीचे हजार पेसो उरले आणि सगळ्यांचे मिळून शंभर पॉइंट आहेत, तर एका पॉइंटला दहा पेसो, आठ पॉइंटवाल्याला ऐंशी. (आकडे माझे, नुसते समजायला.) लीडरही याच पद्धतीत, त्याचेही पॉइंटच. सगळ्यांना सारखं असं नव्हतं, हे नीट बघा, बरेच लोक ‘समान वाटा’ असं लिहून मोकळे होतात. उलट असमान वाटा होता पण तो कशावरून असमान आहे ते सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मते हे जास्त शहाणपणाचं आहे, सरसकट सारखं वाटलं असतं तर रात्रभर जागून अरेंजमेंट लिहिणारा माणूस वर्षभरात वैतागून गेला असता.

आणि इथेच मजा सुरू होते, कारण या हिशोबाचा परिणाम थेट आवाजावर झाला. ऑर्केस्ट्रातल्या वादकाला अरेंजमेंट लिहिण्यात रस निर्माण झाला. होर्हे काल्दारा बांदोनेऑनवाला, त्यानं ‘पातेतिको’ लिहिलं. ऑस्कार एर्रेरो व्हायोलिनवाला, त्याचं ‘नोचेरो सोय’. एमिलिओ बाल्कार्सेचं ‘ला बोर्दोना’. ओस्वाल्दो रुजिएरो, पहिला बांदोनेऑन, १९३९ पासून १९६८ पर्यंत पुग्लिएसेच्या शेजारी बसलेला, त्याचंही स्वतःचं काम. म्हणजे आतलेच लोक आतल्यांसाठी लिहितायत, कोण कुठे कसा वाजवतो हे ठाऊक असताना. तरी ऐकताना पाच सेकंदांत कळतं की हा पुग्लिएसेचाच ऑर्केस्ट्रा आहे.

कशावरून कळतं तर त्या ठेक्यावरून. पुग्लिएसेनं रचलेलं ‘ला युम्बा’, रेकॉर्डिंग ऑगस्ट १९४६ चं, ते लावून बघा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर सगळा ऑर्केस्ट्रा एकदम कोसळतो, युम्, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पियानोच्या खालच्या पट्टीत नि डबल बासमध्ये एक दबका धप्प, बा. युम्-बा, युम्-बा. नावच त्या आवाजावरून आलंय. ठोका पडायच्या किंचित आधीपासून बास आणि बांदोनेऑन सूर ओढत आणतात, त्यामुळे ठोका नुसता पडत नाही, काहीतरी जड फरफटत आणून आदळल्यासारखा पडतो. ड्रम नाही हं कुठेही. आणि मग अचानक सगळं थांबल्यासारखं होतं, लय ढिली सुटते, एकटं व्हायोलिन किंवा रुजिएरोचा बांदोनेऑन गात राहतो, आणि परत युम्-बा. पुढे ‘नेग्राचा’ (रेकॉर्ड १९४८) नि ‘मालान्द्राका’ (१९४९) यांत त्यानं हेच अजून टोकाला नेलं. नवशिक्या नाचणाऱ्याची यात फजिती होते कारण लय सरळ चालतच नाही. बारा लोकांनी मिळून लय सोडायची आणि मिळून पकडायची, तीही कंडक्टरच्या काडीशिवाय, हे महिन्याच्या पगारावर आज आलेल्या नि उद्या जाणाऱ्या माणसांकडून होत नाही. वर्षानुवर्षं एकत्र बसावं लागतं. पॉइंट सिस्टीमनं ती वर्षं मिळवून दिली असं मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, संगीताच्या बाबतीत तिथे मतदान-बितदान नव्हतं. शेवटचा शब्द पुग्लिएसेचाच. पैसा सगळ्यांचा, कान एकाचा. अरेंजमेंट कुणीही आणो, ती त्याच्या हाताखालून गेली की युम्बा होऊनच बाहेर यायची.

बरं, आता तुरुंगाकडे. ४० च्या दशकात हा ऑर्केस्ट्रा जोरात होता. १९४३ पासून ओडियन कंपनीसाठी रेकॉर्ड, रेडिओ, क्लब, आणि गायक रोबेर्तो चानेल, त्यानंतर आल्बेर्तो मोरान, जो गायला लागला की बायका नाचायचं सोडून स्टेजपाशी येऊन उभ्या राहायच्या. पण लीडर उघड कम्युनिस्ट. राष्ट्राध्यक्ष पेरॉनच्या राजवटीत त्याच्यावर रेडिओबंदी आली, कार्यक्रम रद्द झाले, पोस्टर लागलेली असताना पोलीस येऊन डान्स बंद करणार असे प्रकार झाले, आणि अटका झाल्या. मग १९५५ मध्ये लष्करानं पेरॉनला उलथवलं. वाटेल की आता सुटला. छे, त्यांनीही आत टाकलं. एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन सरकारं, पण हा माणूस आत पाहिजे यावर दोघांचं एकमत.

अशा वेळी ऑर्केस्ट्रा वाजतच राहिला, आणि फूल यायला लागलं. दंतकथेत पियानो नेहमी रिकामाच असतो. प्रत्यक्षात काही वेळा बदली पियानिस्ट बसायचा, कारण वर सांगितलं तसं ड्रम नसलेल्या बँडमध्ये पियानो म्हणजे कणा, पियानोशिवाय रात्रभर नाच चालवणं सोपं नाही. मला यात फुलाचा अपमान वगैरे वाटत नाही, उलट बदली माणूस आणून काम चालू ठेवलं हे जास्त कौतुकाचं.

आता मूळ प्रश्न. घरी का बसले नाहीत? एक तर निष्ठा, ती होतीच, नाकारायचं कारण नाही. राजकीय सहानुभूतीही काही जणांची होती. पण ऑर्केस्ट्रातला प्रत्येक माणूस कम्युनिस्ट नव्हता, आणि नुसत्या निष्ठेवर घरभाडं भरता येत नाही. खरी गोष्ट अशी की लीडर आत गेल्यामुळे धंदा बंद पडला असं होतच नव्हतं, कारण धंदा त्याच्या एकट्याचा नव्हता. पगारी बँडमध्ये मालक आत गेला की पगार देणारा गेला, करार ज्याच्या नावावर तो गेला. इथे करार पाळायची गरज सगळ्यांना सारखीच, वाजवलं तर पॉइंट, नाही वाजवलं तर शून्य. शिवाय अरेंजमेंट लिहिणारे ऑर्केस्ट्रातच बसलेले आहेत, आवाज त्यांच्या हातात मुरलेला आहे, लीडर चार महिने नसला तरी तो आवाज कुठे जात नाही. आणि तिसरं, गिऱ्हाईक. पुग्लिएसेचे चाहते म्हणजे फुटबॉलच्या क्लबसारखे, वस्त्यांतले, कारखान्यांतले, आणि बंदी आली की ते अजून हट्टानं यायचे. सरकारनं रेडिओवर तोंड बंद केलं तरी ओडियन रेकॉर्ड काढतच होती, कंपनीला विक्री दिसत होती, तिला पक्षाशी काय देणंघेणं. बंदीनं त्याची जाहिरातच केली असं म्हटलं तरी चालेल, पण ती जाहिरात फार महाग पडली, विशेषतः रेडिओ हा त्या काळातला सगळ्यात मोठा पैसा होता हे धरलं तर.

म्हणजे दारिएन्सोकडे माणसं गेली तरी नाव पुरलं. इकडे नाव कोठडीत होतं तरी माणसं पुरली.

पण ही सहकाराची जाहिरात म्हणून वाचू नका, कारण याच सिस्टीमनं पुढे दगाही दिला. किंवा दगा म्हणू नये, तिची मर्यादा दिसली. ६० च्या दशकात मोठ्या टँगो ऑर्केस्ट्रांचे दिवस संपत आले. रॉक अँड रोल आला, टीव्ही आला, तरुण पोरं क्लबात टँगो नाचेनात. परदेशात मात्र मान होता, १९५९ मध्ये सोव्हिएत युनियन आणि चीन, १९६५ मध्ये जपानचा लांबलचक दौरा. पण घरी रोजचं काम आटलं. आता बघा, पगारी बँडमध्ये मालक चार माणसं कमी करतो, वाईट दिसतं पण होतं. सहकारी बँडमध्ये कोण कोणाला काढणार? उत्पन्न कमी झालं की पॉइंटची किंमत सगळ्यांचीच खाली येते, सगळे एकत्र गरीब होतात. आणि सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं, तर जे बाहेर स्वतःच्या नावावर उभे राहू शकतात त्यांचं.

१९६८ मध्ये तेच झालं. रुजिएरो, व्हिक्तोर लावायेन, बाल्कार्से, एर्रेरो, हुलिआन प्लासा, बासवाला आल्सिदेस रॉसी आणि गायक होर्हे मासिएल बाहेर पडले आणि सेक्स्तेतो तांगो नावाचा ग्रुप काढला. पुग्लिएसेकडे बांदोनेऑन वाजवणारा प्लासा तिथे पियानोवर बसला. सहा वादक, एक गायक, खर्च अर्धा, आवाज तोच. तीस वर्षं ज्या माणसांनी तो आवाज बनवला ती माणसंच एका झटक्यात गेली, तुरुंगाला जमलं नव्हतं ते बाजारानं केलं. यावर कडू बोलणारे खूप आहेत. मला ते तितकंसं पटत नाही. तुम्ही माणसांना तीस वर्षं मालकासारखं वागवलंत, तर एक दिवस ती मालकासारखा निर्णय घेणारच.

पुग्लिएसे तेव्हा त्रेसष्टीला आलेला. त्या वयात बँड बंद करून पेन्शन घेतली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यानं नवीन पोरं घेतली. दानिएल बिनेल्ली, रोदोल्फो मेदेरोस, हुआन होसे मोसालिनी, तिघेही बांदोनेऑनवाले, तिघेही पुढे स्वतःच्या जोरावर मोठे झाले. म्हणजे ज्या ऑर्केस्ट्रानं एका पिढीला उभं केलं तो दुसऱ्या पिढीची शाळा झाला. ‘ला मारिपोसा’ हे १९६६ चं रेकॉर्डिंग जुन्या लोकांचं आणि ‘देस्दे एल आल्मा’ हे १९७९ चं नव्यांचं, दोन्ही लागोपाठ ऐका, माणसं बदललीत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. आता यावरून वरचं माझंच म्हणणं थोडं डळमळतं हे मान्य, आवाज वादकांत मुरलेला असेल तर वादक गेल्यावर तो जायला हवा होता. तो पियानोच्या डाव्या हातातही होता असं दिसतं. दोन्ही बाजूंना जिवंत असलेला आवाज, एक बाजू गेली की दुसरीवरून पुन्हा उगवणारा.

मग २६ डिसेंबर १९८५. तेआत्रो कोलोन म्हणजे ब्युनोस आयर्सचं ऑपेरा हाऊस, तिथलं सगळ्यात प्रतिष्ठेचं स्टेज. पुग्लिएसेचे चाहते कित्येक वर्षं क्लबात ओरडायचे, ‘आल कोलोन!’, कोलोनला चला, अर्धी थट्टा, अर्धी मागणी. लष्करी हुकूमशाही जाऊन दोन वर्षं झालेली, आणि ऐंशी वर्षांचा हा माणूस खरंच तिथे पोचला. व्हिडिओ आहे, जरूर बघा. जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर काही नाही, हावभाव शून्य, एखादा निवृत्त हेडक्लार्क बसलाय असं वाटावं. आणि डावा हात खाली धप्पकन पडतो आणि पूर्ण हॉल हलतो. शेवटी ‘ला युम्बा’ला जुने वादकही स्टेजवर आले, १९६८ ला बाहेर पडलेले धरून. एवढे बांदोनेऑन एका रांगेत बघून अंगावर काटा येतो. भांडण-बिंडण काय असेल ते असो, त्या चार मिनिटांत कोण गेला होता आणि कोण राहिला होता ते ओळखू येत नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९८९ मध्ये आम्स्टरडॅमला टँगोचा जगप्रसिद्ध संगीतकार आस्तोर पिआसोया याच्याबरोबर एकाच स्टेजवर कार्यक्रम झाला. त्याच वर्षी त्याच्याच ऑर्केस्ट्रातल्या रोबेर्तो आल्वारेस वगैरे मंडळींनी कलर टँगो नावाचा वेगळा ग्रुप काढला, म्हणजे फुटून बाहेर पडायची परंपराही सुरू राहिली. २५ जुलै १९९५ ला पुग्लिएसे गेला, नव्वदीला काही महिने कमी. व्हिया क्रेस्पोतल्या मेट्रो स्टेशनच्या नावात आता त्याचं नाव आहे. आणि सगळ्यात धमाल म्हणजे आर्जेन्टिनाचे वादक, टँगोवाले तर सोडाच, रॉकवालेसुद्धा, स्टेजवर जायच्या आधी पनवती टळावी म्हणून तीनदा ‘पुग्लिएसे, पुग्लिएसे, पुग्लिएसे’ म्हणतात. त्याचं संताच्या चित्रासारखं कार्डही मिळतं, खिशात ठेवायला. जन्मभर कम्युनिस्ट राहिलेल्या माणसाचा देव केला लोकांनी.

त्याची पद्धत मात्र कार्डापुरती उरली नाही. २००१ च्या सुमारास, आर्जेन्टिनाची अर्थव्यवस्था कोसळत होती तेव्हा, तरुण वादकांनी ओर्केस्ता तिपिका फेर्नांदेस फिएर्रो नावाचा ऑर्केस्ट्रा सहकारी तत्त्वावरच काढला. जटा वाढवलेली पोरं, आवाज थेट युम्बाच्या घराण्याचा पण पंकच्या जोशात, आणि कार्यक्रमासाठी क्लबमालकांच्या दारात जायला नको म्हणून स्वतःची जागाच चालवतात. त्यांचा पहिला लीडर हुलिआन पेराल्ता होता. तो काही वर्षांनी बाहेर पडला आणि आस्तिशेरो नावाचा वेगळा ग्रुप काढला. ऑर्केस्ट्रा बंद पडला नाही.